भित्र्या मांजराला कॅरिअरची सवय लावणे आणि प्रवासाला नेणे

बहुतेक घरांत मांजराचे कॅरिअर वर्षातून एक-दोनदाच माळ्यावरून खाली उतरते, आणि ते उतरले की तासाभरात मांजराला इंजेक्शन टोचले जाते. धुळीचा, प्लास्टिकचा आणि मागच्या खेपेच्या भीतीचा वास असलेली ती पेटी दिसताच पुढे काय वाढून ठेवले आहे हे मांजराला कळते आणि ते पलंगाखाली भिंतीला चिकटून बसते. मग घरातली माणसे दोन्ही बाजूंनी वाकतात, झाडू आत सरकवला जातो, मांजर फिस्कारते, कोणाचा तरी हात बोचकारला जातो आणि डॉक्टरांनी दिलेली वेळ टळून जाते. हे सगळे टाळता येते. मात्र त्याची सुरुवात प्रवासाच्या सकाळी करून चालत नाही. त्याआधी काही आठवडे कॅरिअर हे मांजराचे घरातले रोजचे अंथरूण झालेले असावे लागते.

भीती कशाची असते

मांजर माणसापेक्षा जागेला अधिक धरून असते. दाराच्या चौकटीला, सोफ्याच्या कोपऱ्याला आणि आपल्या पायांना ते गाल घासते तेव्हा गालावरील ग्रंथींचा वास तिथे लागतो आणि ती जागा त्याच्या दृष्टीने ओळखीची व सुरक्षित ठरते. कॅरिअरमध्ये घालून रस्त्यावर आणले की या सगळ्या खुणा एका क्षणात नाहीशा होतात. शिवाय धोका जाणवला की पळून जाणे किंवा उंचावर चढणे हे मांजराचे हुकमी उपाय असतात आणि बंद पेटीत हे दोन्ही उपाय त्याच्यापासून हिरावले जातात. त्यामुळे ओरडणे, लाळ गळणे, पेटीतच लघवी होणे यांत मांजराचा हट्ट किंवा सूडबुद्धी शोधण्यात अर्थ नाही. दटावण्याने, पेटीवर थाप मारण्याने किंवा मानगुटीला धरून उचलण्याने भीती फक्त वाढते. मांजरी आपल्या पिल्लांना मानेला धरूनच उचलते, असा दाखला पुष्कळदा दिला जातो. पण तो पिल्लांच्या पहिल्या काही आठवड्यांपुरता खरा आहे. मोठ्या मांजराला तसे धरले की ते पुष्कळदा भीतीने गोठते, आणि पाहणाऱ्याला ते शांत झाल्यासारखे वाटते.

पुढचे सगळे काम मांजराच्या शरीराकडे पाहून करायचे असल्यामुळे भीतीच्या बारीक खुणा ओळखता आल्या पाहिजेत. बुबुळांची काळी बाहुली मोठी होणे, कान बाजूला किंवा मागे पडणे, शेपूट अंगाला घट्ट लपेटणे, वारंवार ओठ चाटणे आणि अंग आखडून जमिनीलगत बसणे या सुरुवातीच्या खुणा आहेत. सर्वांत उपयोगी खूण मात्र खाण्याची असते. एरवी ज्या घासासाठी मांजर धावत येते तो घास समोर असूनही ते तोंड लावत नसेल, तर आपण घेतलेली पायरी त्याच्यासाठी फार मोठी आहे असे समजावे.

कॅरिअर कोणते घ्यावे

टणक प्लास्टिकचे, वरून उघडणारे आणि वरचा अर्धा भाग क्लिपा किंवा स्क्रू काढून वेगळा होणारे कॅरिअर मला सर्वांत चांगले वाटते. वरच्या झाकणामुळे मांजराला आत सोडणे सोपे जाते, आणि वरचा भाग निघत असल्यामुळे दवाखान्यात त्याला ओढून बाहेर काढावे लागत नाही. खालच्या भागात, स्वतःच्या अंथरुणावर बसलेल्या स्थितीतच त्याची तपासणी होऊ शकते. आत मांजराला उभे राहता यावे, वळता यावे आणि पाय पसरून पडता यावे इतकी जागा हवी. त्याहून खूप मोठे घेतल्यास गाडी वळताना ते आत घसरत राहते. कापडी बॅग हलकी असते आणि विमानाच्या केबिनसाठी तीच लागते, पण तिची चेन आतून नखाने सरकवणारी मांजरे पुष्कळ असतात, म्हणून चेनच्या दोन टोकांत छोटी कडी किंवा सेफ्टी पिन अडकवावी. पारदर्शक फुगा असलेल्या पाठीवरच्या बॅगा दिसायला आकर्षक असल्या, तरी त्यांत हवा कमी खेळते, उन्हात आतले तापमान भराभर वाढते आणि भित्र्या मांजराला चारही बाजूंनी उघडे पडल्यासारखे होते. वेताच्या टोपल्या आणि भाजीच्या जाळीदार क्रेट यांवर दोरी बांधून मांजर नेण्याची पद्धत तर सोडूनच द्यावी. बिथरलेले मांजर त्यातून सहज निसटते.

जुने कॅरिअर वापरणार असाल तर ते आधी गरम पाणी आणि सौम्य साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावे. फिनेल, डेटॉल किंवा तत्सम जंतुनाशके वापरू नयेत, कारण त्यांतील फिनॉल वर्गातील द्रव्ये मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत आणि पंजे चाटताना ती पोटात जातात. एखाद्या कॅरिअरशी मांजराची फारच वाईट आठवण जोडली गेली असेल, तर वेगळ्या रंगाचे आणि आकाराचे नवे कॅरिअर घेऊन पहिल्यापासून सुरुवात करणे अधिक सोपे जाते.

सवय लावण्याचा क्रम

व्हिएन्नाच्या पशुवैद्यक विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २२ मांजरे घेतली होती. त्यांतील निम्म्या मांजरांना सहा आठवड्यांत २८ छोट्या सत्रांतून कॅरिअरची सवय लावण्यात आली. सवय लावलेल्या मांजरांमध्ये मोटारीच्या प्रवासात ताणाची लक्षणे कमी दिसली आणि त्यांची तपासणीही कमी वेळात उरकली. घरी काम करताना हाच अंदाज धरावा: रोज दोन-चार मिनिटे आणि एकूण महिना-दीड महिना. एखादे मांजर पंधरवड्यात तयार होते, एखाद्याला दोन महिने लागतात.

पहिल्या टप्प्यात कॅरिअरचा वरचा भाग आणि दार पूर्णपणे काढून टाकावे. उरलेला खालचा भाग मांजर जिथे एरवी झोपते तिथेच ठेवावा आणि त्यात त्याने वापरलेली, न धुतलेली गोधडी किंवा जुन्या सुती साडीची घडी अंथरावी. मांजराला उचलून त्यात ठेवू नये, बोटाने दाखवू नये, त्याचे लक्षही वेधू नये. आपण दुसऱ्या खोलीत असताना कॅरिअरमध्ये खाऊचे दोन-तीन तुकडे टाकून ठेवावेत, म्हणजे ते तुकडे मांजराला स्वतःहून सापडतात. खाऊ म्हणून मीठमसाला न घातलेले उकडलेले चिकन किंवा काटे काढलेली उकडलेली मासळी उत्तम. सुकट आणि जवळा मांजरांना फार प्रिय असतो, पण त्यात मीठ असते, म्हणून तो चिमूटभरच द्यावा. हा खास खाऊ या दिवसांत कॅरिअरखेरीज इतर कुठेही देऊ नये, हा नियम घरातल्या सगळ्यांनी पाळावा. आजी स्वयंपाकघरात तोच तुकडा हातावर देत असतील तर कॅरिअरपर्यंत जाण्याचे मांजराला कारणच उरत नाही.

मांजर त्यात जाऊन निवांत बसू लागले, अंग चाटू लागले किंवा झोपू लागले, की वरचा भाग बसवावा, पण दार अजून लावू नये. इथे पुष्कळ मांजरे अडतात. छप्पर आल्यामुळे ओळखीची जागा पुन्हा पेटी झालेली असते. अशा वेळी जेवणाची ताटली कॅरिअरच्या तोंडापासून हातभर अंतरावर ठेवून सुरुवात करावी आणि दर दोन-तीन दिवसांनी ती थोडीशी आत सरकवावी: प्रथम उंबऱ्यावर, मग आत चार बोटे, शेवटी मागच्या भिंतीला लागून. मान लांब करून, मागचे पाय बाहेर रोवून मांजर खात असेल, तर ते अजून पळण्याच्या तयारीत आहे असे समजून ताटली तिथेच राहू द्यावी. चारही पाय आत घेऊन, पाठ दाराकडे करून ते खाऊ लागले की पुढचा टप्पा घेता येतो.

त्यानंतर दार बसवावे. दाराच्या कडीचा 'खट्ट' आवाजही मांजराला दचकवतो, म्हणून मांजर कॅरिअरबाहेर असताना तो आवाज करून लगेच खाऊ द्यावा, म्हणजे आवाजाची धास्ती आधीच कमी होते. मग मांजर आत खात असताना दार अर्धे लोटावे आणि उघडावे. पुढे पूर्ण लावून मनात पाच अंक मोजावेत, जाळीतून एक तुकडा आत द्यावा आणि ते बाहेर येण्याची धडपड सुरू करण्याआधीच दार उघडावे. या टप्प्याचे सगळे मर्म या 'आधीच'मध्ये आहे. दार लागते आणि लवकरच उघडते, हा अनुभव पुन्हा पुन्हा आला की मांजराला बंद दाराची धास्ती राहत नाही. वेळ हळूहळू मिनिटावर, पाच मिनिटांवर, दहा मिनिटांवर न्यावी. मध्येच एक-दोन दिवस मुद्दाम सोपे ठेवावेत.

मग उचलणे येते. वरच्या मुठीला धरून कॅरिअर उचलले की ते लोंबकळते, पायऱ्यांवर गुडघ्याला आपटते आणि आतल्या मांजराचा तोल सतत जातो. शिवाय जड मांजर असेल तर स्वस्त कॅरिअरची मूठ किंवा क्लिप निसटण्याचा धोका असतो. म्हणून दोन्ही हात तळाखाली घालून, कॅरिअर छातीशी धरून उचलावे. आधी केवळ उचलून खाली ठेवावे, मग खोलीभर फिरावे, मग दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये, आणि त्यानंतर जिन्याने किंवा लिफ्टने खाली. सोसायटीत कुत्री असतील तर लिफ्टची वेळ पाहून निघावे. बंद लिफ्टमध्ये कुत्रा समोर आला तर सगळी मेहनत एका क्षणात वाया जाते. शेवटी उभ्या गाडीत इंजिन बंद ठेवून पाच मिनिटे, नंतर इंजिन सुरू करून, नंतर इमारतीभोवती एक फेरी. प्रत्येक फेरीनंतर घरी परत यायचे आणि आवडते जेवण द्यायचे. काही फेऱ्या अशा व्हाव्यात की ज्यांच्या शेवटी दवाखाना मुळी येतच नाही.

गालांच्या ग्रंथींतील गंधाची प्रतिकृती असलेले फवारे बाजारात मिळतात, त्यांपैकी फेलिवे हे नाव अनेकांना माहीत असेल. वापरायचा असल्यास मांजर आत जाण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे आधी अंथरुणावर मारावा, कारण त्यातील अल्कोहोल उडून जायला तेवढा वेळ लागतो. काही मांजरांना त्याने फरक पडतो, काहींना पडत नाही. सवय लावण्याच्या कामाला तो पर्याय नव्हे. लॅव्हेंडर, निलगिरी आणि तत्सम सुगंधी तेले मात्र कॅरिअरवर शिंपडू नयेत, ती मांजरांना बाधू शकतात.

प्रवासाच्या दिवशी

निघण्याच्या तीन-चार तास आधी थोडे जेवण द्यावे. भरल्या पोटी घाटात उलटी होते, आणि अगदी उपाशी मांजर अधिक अस्वस्थ राहते. दूध देऊ नये. बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही आणि वाटेत जुलाब होतात. निघण्याआधी लघवी-शी झाली आहे का ते लिटर ट्रेमध्ये पाहावे.

बॅगा दाराशी येण्याआधीच बाल्कनी, शयनगृह आणि न्हाणीघर यांची दारे लावून मांजराला एका लहान खोलीत घ्यावे, जिथे त्याचे कॅरिअर आधीपासूनच आहे. पलंगाखाली शिरायला वाव असेल तिथे बाजूने गाद्या-उशा लावून तो बंद करावा. नेहमीच्या वेळेला, नेहमीच्या आवाजात खाऊ आत ठेवावा. सवय झालेले मांजर आत जाते. दार हळूच लावावे, कडी दोनदा तपासावी, आणि जाळीतून आणखी एक तुकडा द्यावा. पकडापकडी करायची नाही म्हणून घाई करायची नाही, आणि घाई करायची नाही म्हणून घड्याळात अर्धा तास शिल्लक ठेवायचा.

सवय नसलेल्या मांजराला आजच नेणे भाग असेल तेव्हा

आजारपण सांगून येत नाही. अशा वेळी धरपकड थोडी आणि नेमकी करावी, आणि ती एकाच माणसाने करावी. लहान खोलीचे दार लावून कॅरिअर भिंतीच्या कोपऱ्यात उभे करावे, दार वरच्या बाजूला येईल असे. वरचे झाकण असेल तर कॅरिअर आडवेच राहू द्यावे. अंघोळीचा मोठा, जाड टॉवेल घ्यावा, शक्यतो मांजर ज्यावर झोपते तोच. समोरून चालून न जाता बाजूने खाली बसत जवळ जावे, डोळ्याला डोळा भिडवू नये, आणि टॉवेल मागच्या बाजूने पाठीवर ठेवून मानेपासून खांद्यांपर्यंत लपेटावा. टॉवेलची कड हनुवटीखालून आणून पुढचे पाय आत दाबावेत, कारण नखे तिथूनच येतात. मग एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली घालून पूर्ण अंगाला आधार देत उचलावे आणि मागचे पाय आधी खाली जातील अशा रीतीने कॅरिअरमध्ये सोडावे. डोके पुढे करून ढकलले की मांजर चारही पाय दाराच्या कडांना टेकवते आणि मग कोणाचेच काही चालत नाही. मागून आत जाताना त्याला अंधारी पेटी समोर दिसत नाही. टॉवेल काढून घेण्याच्या भानगडीत न पडता दार लावावे आणि उभे कॅरिअर अगदी सावकाश आडवे करावे.

दोन प्रयत्नांत जमले नाही आणि जीवावरचे दुखणे नसेल, तर थांबावे, डॉक्टरांना फोन करून वेळ बदलून घ्यावी किंवा ते घरी येऊ शकतील का ते विचारावे. मांजर चावले तर जखम बारीक दिसली तरी ती खोल असते आणि लवकर चिघळते. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांकडे जावे आणि रेबीजच्या लसीविषयी त्यांचा सल्ला घ्यावा.

औषधांविषयी

काही मांजरांची भीती सवयीनेही पुरेशी कमी होत नाही आणि त्यांना औषध देण्यात कमीपणा मानू नये. गॅबापेंटिन हे औषध यासाठी जगभर वापरले जाते आणि ते सहसा निघण्यापूर्वी दोन-तीन तास आधी दिले जाते. मात्रा वजनावर आणि मूत्रपिंडांच्या स्थितीवर ठरत असल्यामुळे ती पशुवैद्यकांनीच ठरवावी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ मध्ये मांजरांच्या प्रवासातील आणि दवाखान्यातील भीतीसाठी प्रीगाबॅलिनच्या एका द्रव औषधाला मान्यता दिली, यावरून ही भीती वैद्यकशास्त्र किती गांभीर्याने घेते हे लक्षात यावे. औषध कोणतेही असो, पहिली मात्रा प्रवासाच्या दिवशी न देता आधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरी देऊन पाहावी. मांजर झोपाळू होते, चालताना पाय लटपटतात, म्हणून तेवढे तास त्याला ओट्यावर किंवा कपाटावर चढू देऊ नये. माणसांच्या झोपेच्या गोळ्या कधीही देऊ नयेत, आणि पॅरासिटामॉल मांजराच्या जिवावर बेतते, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे.

रिक्षा, स्कूटर आणि मोटार

शहरात दवाखान्याला जाण्याचे साधन बहुधा रिक्षाच असते. कॅरिअर मांडीवर घ्यावे, दार आपल्या पोटाकडे येईल असे, आणि रस्त्याकडची बाजू पातळ सुती कपड्याने झाकावी. पंचा यासाठी उत्तम. हवा जाते आणि दृश्य झाकले जाते. मात्र सगळ्या बाजू झाकू नयेत. रिक्षावाल्याला आधीच सांगितले तर तो खड्डे बेताने घेतो. स्कूटरच्या पायाशी कॅरिअर ठेवून नेण्याची पद्धत पुण्यात सर्रास दिसते, पण इंजिनाची थरथर, गाड्यांचे भोंगे आणि उन्हाची झळ या तिन्ही गोष्टी तिथे एकत्र येतात. दुसरा इलाज नसेल तर निदान मागे बसलेल्या माणसाने कॅरिअर दोन्ही हातांनी धरावे.

मोटारीत कॅरिअरची सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे पुढच्या सीटच्या मागची, पाय ठेवण्याची जागा, जिथे ते घट्ट बसते. पुढच्या सीटवर एअरबॅगसमोर ते ठेवू नये. मांजर कितीही केविलवाणे ओरडले तरी चालत्या गाडीत दार उघडू नये. दयेपोटी बाहेर काढलेले मांजर ब्रेकच्या पायाखाली शिरते किंवा खिडकीतून उडी घेते. बहुतेक मांजरे पहिला काही वेळ ओरडतात आणि गाडीचा वेग एकसारखा झाला की गप्प होतात. आपण सतत पुचकारत राहण्यापेक्षा नेहमीच्या आवाजात बोलत राहावे. गाणी बंद ठेवावीत.

तोंड उघडे ठेवून धापा टाकणे ही मात्र दुर्लक्ष करण्यासारखी खूण नव्हे. कुत्र्याला ते साहजिक असते, मांजराला नसते. लगेच गाडी थांबवून एसी वाढवावा, कपडा काढावा, पंजे आणि कान पाण्याने ओले करावेत, आणि पाच-दहा मिनिटांत श्वास सावरला नाही तर जवळचा पशुवैद्य गाठावा. चहा प्यायला उतरताना मांजराला बंद गाडीत ठेवू नये. उन्हात उभ्या गाडीचे तापमान दहा मिनिटांत दहा अंशांच्या आसपास वाढू शकते.

दवाखान्यात आणि परत आल्यावर

परळच्या बाई साकरबाई रुग्णालयासारख्या मोठ्या ठिकाणी कुत्री, पक्षी आणि मोठी जनावरे एकाच आवारात येतात. आपली पाळी येईपर्यंत शक्य असेल तर गाडीत किंवा बाहेरच्या निवांत कोपऱ्यात थांबावे, आणि आत बसावे लागले तर कॅरिअर जमिनीवर न ठेवता खुर्चीवर, झाकून ठेवावे, कारण कुत्र्याचे नाक जाळीला लागणे हा भित्र्या मांजराला बसणारा सर्वांत मोठा धक्का असतो. तपासणीच्या टेबलावर कॅरिअर तिरके करून मांजराला ओतू नये. वरचा भाग काढायची परवानगी डॉक्टरांकडे मागावी. बहुतेक डॉक्टर आनंदाने देतात.

घरी दुसरे मांजर असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. परतलेल्या मांजराच्या अंगाला दवाखान्याचा वास असतो, आणि वर्षानुवर्षे एकत्र राहिलेली दोन मांजरेही अशा वेळी एकमेकांना परकी समजून भांडतात. परतलेल्याला काही तास वेगळ्या खोलीत ठेवावे, घरातल्या गोधडीने त्याचे अंग पुसावे आणि मगच दोघांची गाठ घालावी.

लांबचा प्रवास

चार-पाच दिवसांसाठी बाहेरगावी जायचे असेल, तर मांजराला घरीच ठेवून रोज दोनदा येऊन पाहणारा विश्वासू माणूस शोधावा, असे माझे स्पष्ट मत आहे. भित्र्या मांजराला परके गाव दाखवण्यात कसलाही आनंद नसतो. पण गणपतीला मुंबईहून सिंधुदुर्गात सगळे घर जाते, घराची किल्ली द्यायला शेजारी नसतात, किंवा बदली होऊन बिऱ्हाडच हलते, तेव्हा नेण्यावाचून गत्यंतर नसते.

मुंबई ते सावंतवाडी हे अंतर जवळपास ५०० किलोमीटर आहे आणि सणाच्या गर्दीत दहा-बारा तास सहज लागतात. रात्री उशिरा किंवा पहाटे निघावे, म्हणजे ऊन आणि रहदारी दोन्ही टळतात. कॅरिअरच्या तळाशी पाणी शोषणारे पॅड, त्यावर गोधडी, आणि बदलायला आणखी दोन जोड बरोबर ठेवावेत. दर तीन-चार तासांनी थांबून, गाडीची दारे आणि काचा पूर्ण बंद करून, हार्नेस (छाती आणि खांद्यांभोवती बांधायचे पट्टे) घातलेल्या मांजरासमोर लहानशा लिटर ट्रेमध्ये घरचेच लिटर ठेवून पाहावे. पुष्कळ मांजरे प्रवासभर लघवी करत नाहीत आणि पाणीही पीत नाहीत. निरोगी मांजराच्या बाबतीत दहा-बारा तासांपर्यंत काळजीचे कारण नसते. थोडे पाणी मिसळलेले ओले खाणे एखाद्या थांब्यावर चाटवून पाहावे. घाटाच्या वळणांवर उलटी होणाऱ्या मांजरासाठी डॉक्टर आधीच औषध देऊ शकतात. हार्नेसची सवय कॅरिअरसारखीच आधी घरी लावावी लागते. घाबरलेले मांजर मागे सरकून सैल हार्नेसमधून निसटते, म्हणून पट्ट्याखाली एक-दोन बोटांपेक्षा अधिक जागा नसावी.

रेल्वेने जायचे तर पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यातील दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण आपल्याकडे असावी लागते, आणि पार्सल कार्यालयात प्राण्याची नोंद करून पावती घ्यावी लागते. लसीकरणाची नोंदवही जवळ ठेवावी. इतर वातानुकूलित डब्यांत आणि शयनयानात परवानगी नसते. गार्डच्या डब्यातील पेटीत प्राणी पाठवण्याची सोय आहे, पण भित्र्या मांजराला तिथे एकटे पाठवू नये. विमानाच्या बाबतीत प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा आहे: अकासा एअरने नोव्हेंबर २०२२ पासून पाळीव प्राणी नेण्यास सुरुवात केली, एअर इंडिया केबिनमध्ये लहान प्राणी नेते, काही कंपन्या मुळीच नेत नाहीत. वजनाची मर्यादा कॅरिअरसह मोजली जाते आणि प्रत्येक विमानात मोजक्याच प्राण्यांना जागा असते, म्हणून तिकिटाआधी फोन करावा. विमानतळावरच्या सुरक्षा तपासणीत रिकामे कॅरिअर यंत्रातून जाते आणि मांजर आपल्या हातात असते. हाच सर्वांत धोक्याचा क्षण. हार्नेस घरूनच घालून निघावे, दोरी मनगटाला गुंडाळावी, आणि बंद खोलीत तपासणी करण्याची विनंती आधीच करावी.

मुक्कामी पोहोचल्यावर

पोहोचल्यावर सगळे घर मोकळे करून देऊ नये. एक खोली निवडून तिथे लिटर ट्रे, पाणी आणि खाणे एकमेकांपासून दूर ठेवावे, कॅरिअरचे दार उघडे सोडावे आणि आपण बाहेर यावे. मांजर त्यातच दिवसभर बसून राहिले तरी चालते. परक्या घरात तेवढीच जागा त्याच्या वासाची असते. कौलारू घरात वासे, माळा आणि कौलांखालच्या फटी आधी पाहून घ्याव्यात. आरतीच्या वेळी कापूर, धूप, झांजा आणि फटाके यांपासून ती खोली सर्वांत लांबची असावी, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना कळावे म्हणून दारावर कागद चिकटवावा. घरात वाढलेल्या मांजराला गावी अंगणात मोकळे सोडू नये, मग मुक्काम आठ दिवसांचा असो वा पंधरा. कुत्री, साप आणि बिबटे यांची त्याला ओळख नसते.

गळ्यात ओढ बसल्यास आपोआप सुटणारा पट्टा आणि त्यावर फोन नंबर असावाच. तरीही मांजर निसटलेच तर गावभर हाका मारत फिरू नये. घाबरलेले मांजर बहुधा घराच्या अगदी जवळ, लाकडांच्या ढिगात, गोठ्यात किंवा पायरीखाली चिडीचूप बसलेले असते आणि मालकाच्या हाकेलाही ओ देत नाही. रात्र झाल्यावर, माणसांची जाग कमी झाली की बॅटरी डोळ्यांच्या उंचीवर धरून हळूहळू पाहावे. अंधारात त्याचे डोळे चमकतात. उघडे कॅरिअर त्याच गोधडीसह दाराशी ठेवावे.

नव्या जागी पहिल्या दिवशी खाणे कमी होणे साहजिक आहे. चोवीस तासांत मांजराने घासही घेतला नाही तर मात्र डॉक्टरांना फोन करावा, कारण दोन-तीन दिवसांच्या उपासाने, विशेषतः लठ्ठ मांजरांत, यकृतावर गंभीर परिणाम होतो. बोका लिटरमध्ये वारंवार बसत असेल, जोर करत असेल आणि थेंबही येत नसेल, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो, आणि ती सकाळची वाट पाहण्याची गोष्ट नव्हे. म्हणून गावी निघण्याआधीच तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा फोन आणि रात्री उपलब्ध असणाऱ्या एखाद्या डॉक्टरांचा नंबर घेऊन ठेवावा.